लर्निंग लायसनच्या परीक्षेत नापास झालात? पुन्हा बसायची फी ५० रुपये आहे, मग एजंट कशाला?

पंधरापैकी आठ प्रश्न बरोबर आले की माणूस नापास होतो. एकाच प्रश्नाने. आणि गंमत अशी की नापास होणाऱ्याला बहुतेक वेळा गाडी चालवता येत असते. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवसारख्या गावात तर लायसन काढायला निघालेला पोरगा तोवर दोन-तीन वर्षं बाईक फिरवून मोकळा झालेला असतो. दुधाच्या किटल्या डेअरीला, आईला भिगवणच्या दवाखान्यात, रानात मोटार चालू करायला, सगळीकडे गाडीच. त्यामुळे स्क्रीनवर 'अनुत्तीर्ण' दिसलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "मला काय गाडी येत नाय का?"

दुसरी प्रतिक्रिया त्याहून ठरलेली. कोणीतरी म्हणतं, परत कशाला बसतोस, आपला माणूस आहे, करून देतो.

आजचा विषय हा दुसरा सल्ला आहे. कारण नापास होण्याचं नुकसान फार छोटं आहे आणि त्या सल्ल्याचं नुकसान फार मोठं. आधी परीक्षा काय आहे ते बघू.

परीक्षेत नेमकं काय असतं?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ आहेत, आणि त्यातला नियम ११ म्हणजे आपली लर्निंगची परीक्षा. पर्याय निवडायचे प्रश्न आणि पास व्हायला किमान ६० टक्के उत्तरं बरोबर. महाराष्ट्रात १५ प्रश्न येतात, म्हणून ९ बरोबर लागतात. मराठी भाषा निवडता येते.

प्रश्न कशावर, हेही नियमातच लिहिलंय. वाहतुकीची चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम. अपघात झाला तर चालकाने काय करायचं. गाडीत कोणती कागदपत्रं ठेवायची. आणि चौथं, फाटकवाला नसलेलं रेल्वे क्रॉसिंग कसं ओलांडायचं. उत्तर असं की गाडी डाव्या बाजूला थांबवायची, खाली उतरायचं, रुळापर्यंत जाऊन गाडी येत नाही ना हे बघायचं आणि मग जायचं. आता हे वाचून कोणी म्हणेल, असं फाटक शेवटचं कधी पाहिलं? बरोबर आहे. रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरची बिनमाणसाची फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद केली. पण प्रश्न नियमात आहे तोवर तो येणार आणि त्याचा गुणही मिळणार. पाठ करून टाका.

नापास झाल्यावर पुढे काय?

काही नाही. खरंच काही नाही. अर्ज रद्द होत नाही, नाव कुठल्या काळ्या यादीत जात नाही. केंद्रीय नियमांच्या फीच्या तक्त्यात लर्निंगची परीक्षा किंवा फेरपरीक्षा यांची फी प्रत्येकी ५० रुपये आहे. तुमचा अर्ज क्रमांक तोच राहतो. सारथी पोर्टलवर त्या क्रमांकाने फेरपरीक्षेची फी भरायची आणि पुन्हा बसायचं. ज्यांनी आधार न जोडता अर्ज केलाय, त्यांना कार्यालयात जाऊन परीक्षा द्यावी लागते. पळसदेव किंवा इंदापूरकरांसाठी ते कार्यालय म्हणजे बारामती, एमएच-४२. तिथे फेरपरीक्षेचा खर्च ५० रुपये असला तरी भिगवणमार्गे जाण्यायेण्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते. हा खर्च फीच्या तक्त्यात दिसत नाही, पण एजंटचा धंदा त्याच्यावरच चालतो.

इथे एक घोटाळा खूप लोक करतात. "नापास झालं की सात दिवस थांबावं लागतं, तीनदा नापास झालं की दोन महिने" असं तुम्ही ऐकलं असेल. हा नियम खरा आहे, पण तो पक्क्या लायसनच्या, म्हणजे गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेचा. कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आहे. लर्निंगची परीक्षा कलम ८ मध्ये येते आणि त्या कलमात अशी तीन वेळांची मर्यादा नाही. लर्निंगला दोनदा नापास झालेला माणूस घाबरून एजंटकडे जातो, त्यामागे बऱ्याचदा ही ऐकीव भीती असते.

गाडी येते, मग लोक नापास का होतात?

पहिलं कारण भाषा. आपण 'ओव्हरटेक मारला' म्हणतो, 'साईड दिली' म्हणतो, 'डिपर मारला' म्हणतो. पेपरात शासकीय मराठी असते. पादचारी, अग्रक्रम, अनिवार्य, प्रतिबंधित असे शब्द. वाक्य लांब आणि घड्याळ चालू. दोनदा वाचेपर्यंत वेळ जातो. यावर उपाय साधा आहे. परिवहनच्या साईटवर सराव परीक्षा फुकट आहे, ती चार-पाच वेळा दिली की तेच शब्द ओळखीचे होतात.

दुसरं कारण चिन्हं. इथे थोडं डोकं लावलं तर निम्मं पाठांतर वाचतं. गोल चिन्ह म्हणजे हुकूम, ते पाळायचंच. त्रिकोणी म्हणजे इशारा, पुढे वळण, शाळा, अरुंद पूल असं काहीतरी आहे. चौकोनी, बहुतेक निळं, म्हणजे माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. अपवाद दोन. 'थांबा' अष्टकोनी असतं आणि 'रस्ता द्या' म्हणजे उलटा त्रिकोण. चिन्ह आठवत नसेल तर आकारावरून पर्याय कापता येतात. हाताने करायच्या इशाऱ्यांवरही प्रश्न असतात. रस्त्यावर ते आता कोणी करताना दिसत नाही, इंडिकेटर आहेत म्हणून आणि खरं सांगायचं तर इंडिकेटरही कोणी देत नाही म्हणून.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. माणूस रोज रस्त्यावर जे करतो तेच उत्तर म्हणून देतो, आणि ते चुकतं.

पळसदेवचंच बघा. जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि ते बघायला गर्दी होते. आताच्या गावाजवळून पुणे-सोलापूर महामार्ग जातो, राष्ट्रीय महामार्ग ६५. थेट हैदराबाद आणि पुढे आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा. एका बाजूला ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाड्या, दुसऱ्या बाजूला रानातून हायवेवर चढणारी बाईक. परीक्षेतला प्रश्न असतो: छोट्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येताना काय कराल? उत्तर: मुख्य रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. रोजची सवय: हॉर्न वाजवायचा आणि घुसायचं.

पुढचा प्रश्न एकेरी रस्त्याचा. तिथे उलट्या दिशेने किंवा रिव्हर्समध्ये गाडी नेता येत नाही. आणि आपण? पलीकडच्या हॉटेलला जायला पुढून वळून येणं लांब पडतं म्हणून दुभाजकाच्या कडेने उलटं येतो. दोन मिनिटं वाचतात.

आणखी एक. डावीकडून ओव्हरटेक कधी करता येतो? पुढची गाडी उजवीकडे वळतेय असा इशारा देत असेल तेव्हा. आता हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात ऊस सुरू होतो. बिजवडीचा कर्मयोगी, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो, भवानीनगरचा छत्रपती, सगळीकडे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. अंधारात मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली. त्यांना सगळे जमेल तिकडून ओलांडतात, मोकळी दिसेल ती बाजू. सवय लागलेली असते म्हणून स्क्रीनवरही हात त्याच पर्यायावर जातो.

अरुंद पुलाचा प्रश्न मात्र इथल्या लोकांना सोपा जावा. समोरून गाडी पुलावर चढत असेल तर आपण थांबायचं आणि ती गेल्यावर जायचं. भिगवणजवळच्या डिकसळच्या जुन्या पुलासारखा पूल ज्याने पाहिलाय, त्याला हे कोणी शिकवायला नको.

अपघाताचा प्रश्न हमखास येतो. कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे, आपल्या गाडीने कोणी जखमी झालं तर त्याला दवाखान्यात न्यायचं आणि शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं. पळून जायचं नाही. याच्यासोबत एक गोष्ट परीक्षेसाठी नाही पण माहीत असावी: २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलंय. रस्त्यावर पडलेल्याला मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाला त्यामुळे कायद्याचं संरक्षण आहे. 'पोलिसांचं झंझट नको' म्हणून बघत उभं राहायचं कारण उरलेलं नाही.

म्हणजे ज्या प्रश्नांवर आपण आपटतो, ते बऱ्याचदा आपल्याच गावाबाहेरच्या रस्त्यावरचे असतात. चुकलेलं उत्तर हे फुकटात मिळालेलं निदान आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीत २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली १५ हजार २२४ महाराष्ट्रात. देशात गेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती.

मग एजंट करून देतो त्यात बिघडलं काय?

१४ जून २०२१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि परिवहन मंत्री अनिल परब यांच्या हस्ते राज्यात घरबसल्या लर्निंगची सोय सुरू झाली. आधार क्रमांक, मोबाईलवर ओटीपी, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ, मग परीक्षा, मग लायसनची प्रिंट. बारामतीची फेरी वाचली. ग्रामीण भागासाठी ही खरोखर मोठी सोय आहे आणि ती बंद करा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

पण परीक्षा घरी आली तसा परीक्षक घराबाहेर राहिला. ओटीपी तुमचा, अर्ज तुमचा, आणि उत्तरं देणारा तिसराच, अशा तक्रारी सोय सुरू झाल्यापासूनच बातम्यांत येत राहिल्या. तुम्ही ओटीपी सांगता, पैसे देता आणि अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. यात तुमची परीक्षा झालीच नाही. 'रस्ता द्या'चा उलटा त्रिकोण तुम्ही एकदाही बघितला नाही.

आणि ती पीडीएफ वाटते तितकी भक्कम नाही. फसवणुकीने किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन रद्द करण्याचा आणि त्या माणसाला अपात्र ठरवण्याचा अधिकार कलम १९ परवाना अधिकाऱ्याला देतं. एजंटचं नाव त्यात कुठेच नसतं. अर्जावर फोटो तुमचा, आधार तुमचं.

पास होईपर्यंत गाडी चालवली तर?

"परत परीक्षा देईन सावकाश, तोवर गावातच चालवतो" हा सगळ्यात महागडा विचार आहे. बिनलायसन चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून ५ हजार रुपये आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. गाडी चुलत्याच्या नावावर असेल तर त्यालाही वेगळा दंड, कारण बिनलायसनवाल्याला गाडी देणं हा कलम १८० खाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे एका चुकीत घरातून दोन पावत्या.

दंड तरी परवडला. खरा खड्डा विम्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंह या खटल्यात सांगितलं की लर्निंग लायसन हेसुद्धा लायसनच आहे. चालकाकडे फक्त लर्निंग होतं एवढ्या कारणावर विमा कंपनी हात झटकू शकत नाही. पण लायसनच नसेल तर अनेक खटल्यांत असं होतं की कंपनी आधी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई देते आणि नंतर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करते. भरपाई लाखांत असते. पुढचा हिशोब तुम्हीच करा: एकीकडे ५० रुपये आणि एक फेरपरीक्षा, दुसरीकडे रान.

वयाचंही सांगून टाकतो. गिअरच्या बाईकला १८ वर्षं पूर्ण पाहिजेत. सोळाव्या वर्षी जे मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीपुरतं. घरातली अ‍ॅक्टिव्हा त्यात बसत नाही, ती शंभर सीसीच्या वर आहे. अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लर्निंगसुद्धा मिळत नाही. २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे अपघातानंतर हे कलम सगळ्यांना माहीत झालं, पण गावाकडे अजूनही 'आपल्याकडे कोण बघतंय' चालतं. ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि पाव किलोवॉटच्या आत असलेल्या इलेक्ट्रिक गाडीला लायसन लागत नाही, ही पळवाट मात्र कायदेशीर आहे.

परीक्षा फार सोपी आहे की फार अवघड?

दोन्ही बाजूंनी ओरड आहे. केरळने ऑक्टोबर २०२५ पासून प्रश्न २० वरून ३० केले, पास व्हायला १८ लागतात. टक्केवारी तीच, ६०. मग फरक काय पडला? तुक्क्याचा. समजा प्रत्येक प्रश्नाला तीनच पर्याय आहेत आणि माणूस डोळे मिटून टिकमार्क करतोय. पंधरात नऊ बरोबर येण्याची शक्यता शंभरात तीन. तिसात अठरा बरोबर येण्याची शक्यता हजारात दोन ते तीन. फक्त प्रश्न वाढवून तुक्का दहा पटीने अवघड होतो, आणि ज्याला येतंय त्याला काहीच त्रास होत नाही. महाराष्ट्राने हे करायला हरकत नसावी.

इथली मंडळी नोकरीसाठी ब्रिटनला गेली की त्यांना वेगळाच झटका बसतो. भारतीय लायसनवर तिथे राहायला गेल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, नंतर तिथली थिअरी परीक्षा द्यावी लागते. ५० पैकी ४३ बरोबर पाहिजेत, शिवाय रस्त्यावरचे धोके ओळखायचे व्हिडिओ. फी २३ पौंड, नापास झालं की कामकाजाचे तीन दिवस थांबायचं आणि पुन्हा २३ पौंड. तिथे अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून जास्त परीक्षा नापासातच जमा होतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. पूर्वी तिथे १९ परदेशी भाषांत प्रश्न ऐकायची सोय होती. त्यात हिंदी होती, गुजराती होती, मराठी नव्हती. ती एप्रिल २०१४ मध्ये बंद केली. एक कारण होतं फसवणूक: सोबत येणारे दुभाषे उत्तरं सांगायचे. म्हणजे 'आपला माणूस' तिकडेही होता.

त्यांनी भाषाच काढून टाकली. आपल्याकडे तो उपाय चालणार नाही, कारण आपला प्रश्न उलटा आहे. २०१९ मध्ये केंद्राने व्यावसायिक वाहनांसाठी असलेली आठवी पासची अट काढायचं ठरवलं. शिक्षण नसलेल्या पण गाडी उत्तम चालवणाऱ्या लोकांची रोजीरोटी अडू नये, हे कारण. दुचाकीला तर शिक्षणाची अट नव्हतीच. त्याच वर्षी राजस्थान उच्च न्यायालयाने उलट भूमिका घेतली होती, की वाचता न येणाऱ्याला लायसन देणं रस्त्यावरच्या इतरांसाठी धोक्याचं आहे. आम्हाला केंद्राचं म्हणणं जास्त पटतं. चिन्हं चित्रांत असतात ती वाचता न येणाऱ्यालाही कळावीत म्हणूनच. पण मग अट काढून परीक्षा मात्र वाचनाचीच ठेवली, तर ज्याला अक्षरं जुळवायला वेळ लागतो तो गाडीत नाही, वाचनात नापास होतो. पन्नाशीतली बाई स्कूटी शिकली, रस्त्याचे नियम तिला तोंडपाठ आहेत, आणि ती स्क्रीनपुढे अडकते. तिला एजंट दाखवून देणं सोपं आहे. प्रश्न कानाने ऐकायची पक्की सोय, साध्या बोलीतल्या मराठीत, हे सरकारचं काम आहे.

पास झालात, आता?

लर्निंग सहा महिने चालतं. पण ते एकट्याने फिरायचं लायसन नाही. सोबत पक्कं लायसन असलेला शिकवणारा पाहिजे. बाईकवर मागे बसायला त्याच्याशिवाय दुसरं कोणी चालत नाही, म्हणजे लर्निंगवर मित्राला डबलसीट नेणं नियमात बसत नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा.

तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. तिथली परीक्षा दर प्रकाराच्या गाडीला ३०० रुपये, आणि ते सात दिवस, तीन प्रयत्न, साठ दिवस असलेलं गणित तिथे लागू होतं. तीनदा नापास झालात तर पुन्हा बसण्याआधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षणही घ्यावं लागतं, ही २०१९ ची भर. ती परीक्षा मोबाईलवर होत नाही. गाडी घेऊन बारामतीला जावंच लागतं, आणि लर्निंगचे सहा महिने संपायच्या आत जावं लागतं, नाहीतर लर्निंगचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून.